फियाट डिलाइट कारखान्यातून निघाली तशी परत उभी करायची असेल तर (आणि तीही गोव्याच्या हवेत)

अमेरिकेत मस्टँग, कॅमॅरो अशा मसल कार रिस्टोअर करणारे लोक इंजिनच्या ब्लॉकवरची ओतकामाची तारीख बघतात, काचेवरचा शिक्का बघतात, असेंब्ली लाइनवरच्या कामगाराने खडूने मारलेली खूणसुद्धा परत तशीच काढतात. आपल्याकडे डिचोलीपासून काणकोणपर्यंत घरांच्या पोर्चमध्ये, ताडपत्रीखाली ज्या गाड्या उभ्या आहेत त्यात मस्टँग नाही, फियाट ११०० आहे. पण ती शिस्त फियाटला तशीच्या तशी लावता येते आणि लावायलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे, कारण चकाचक रंग मारलेल्या, अलॉय व्हील लावलेल्या, आत फोमच्या बकेट सीट टाकलेल्या फियाट आता भरपूर झाल्या, खरी डिलाइट कशी होती हे दाखवणारी गाडी मात्र शोधावी लागते.

आधी गाडी नेमकी कुठली ते नक्की करा. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ पासून ११०० डिलाइट काढली, १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, गिअर स्टिअरिंगच्या दांडीवर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. फियाटबरोबरचा करार संपल्यावर सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तीच गाडी प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी, ती अगदी २००० सालाच्या आसपासपर्यंत निघत होती. साचा एकच, त्यामुळे यातलं जवळपास काहीही त्याला बसतं, आणि सगळा घोळ इथेच आहे. पन्नास वर्षांत ज्या मेस्त्रीला जो पार्ट मिळाला तो त्याने लावला. सदुसष्टच्या गाडीला पंच्याऐंशीच्या पद्मिनीचं काळं प्लास्टिकचं ग्रिल, दरवाजे तिसऱ्याच गाडीचे, डायनामोच्या जागी अल्टरनेटर, डिकीवर पद्मिनीचं नाव आणि हबकॅपवर फियाट. तुमच्या दारातली गाडी अशी खिचडी असणारच, म्हणून ‘आमची गाडी एकहाती आहे, सगळं ओरिजिनल आहे’ हे घरच्यांचं म्हणणं प्रेमाने ऐकून घ्या आणि तरीही सगळं तपासा.

तपासणी नंबरांपासून सुरू करा. आरसी बुकातला चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळतो का बघा. चॅसिस नंबर बॉनेटखाली बॉडीच्या पत्र्यावर आणि प्लेटवर असतो, त्यावर रंगाचे थर बसलेले असतात, तिथे ग्राइंडर किंवा खरखरीत पेपर लावायचाच नाही. पेंट रिमूव्हरचा बोळा ठेवून रंग मऊ करा, लाकडी काडीने काढा, मग वर पातळ कागद धरून शिसपेन्सिल आडवी घासा, आकडे उमटतात. तो कागद तारीख घालून फाइलला लावून ठेवा, आरटीओला लागतोच. नंबर पुसट असला तर स्वतः पंच मारून ठळक करायचा मोह टाळा, तो गुन्हा धरला जातो, रीतसर आरटीओत अर्ज करा.

आता सगळ्यात महत्त्वाचा टप्पा, आणि लोक नेमका हाच उडवतात. गाडी खोलायच्या आधी तिला वाचायचं. पाना हातात घ्यायच्या आधी आठवडेच्या आठवडे गेले तरी चालतील. प्रत्येक सांध्याचे फोटो काढा, वायर कुठून कुठे जाते, कुठल्या क्लिपखालून जाते, पाइप कुठे वाकलाय, वायसर सपाट आहे की स्प्रिंगचा, बोल्टच्या डोक्यावर काय मार्क आहे. मोबाइलने व्हिडिओ काढताना तोंडाने बोलत जा, सहा महिन्यांनी तोच आवाज उपयोगी पडतो. जुने नट-बोल्ट एकही फेकू नका. बाजारात मिळणारे स्टीलचे चकचकीत अॅलन बोल्ट लावले की गाडीची वाटच लागते, बॉनेट उघडल्या उघडल्या जाणकाराची नजर तिथेच जाते. जुने बोल्ट डिझेलमध्ये बुडवून, वायर ब्रशने साफ करून झिंक प्लेटिंगला द्या, आणि प्लेटिंगवाल्याला आधीच सांगा कुठले पांढरे हवेत, कुठले पिवळसर, आणि कुठले काळे होते ते काळेच ठेवायचेत. कसं कळणार कुठला कसला होता? बोल्टचं डोकं गंजलेलं असतं पण वायसरखाली झाकलेला भाग आणि आटे यांच्यावर मूळ फिनिश शिल्लक असतं, भिंगातून बघा.

पिशव्यांवर मास्किंग टेप लावून पेनाने नाव लिहायची जी पद्धत आहे ती आपल्याकडे जुलैपर्यंतसुद्धा टिकत नाही, दमट हवेने टेपचा गोंद सुटतो आणि सगळ्या पिशव्या बेवारस होतात. अॅल्युमिनियमच्या पत्र्याचे तुकडे कापून त्यावर नंबर ठोका आणि तारेने बांधा, आणि नंबरांची वही वेगळी ठेवा.

मूळ रंग शोधायची गंमत वेगळीच आहे. आरसीवर रंग लिहिलेला असतो पण तो ‘निळा’ एवढाच, निळ्यात छटा किती! ज्या जागी ऊन आणि दुसऱ्या पेंटरची गन पोचली नाही त्या जागा शोधायच्या. मागच्या सीटची पाठ काढा, डॅशबोर्डमधून मीटर बाहेर काढून मागे टॉर्च मारा, दरवाजाचं आतलं रेक्झिनचं पॅड काढा, डिकीच्या काठाचं रबर उपटा. मग एका कोपऱ्यात रुपयाच्या नाण्याएवढी जागा घ्या, चारशे नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून बोटाने गोल गोल घासा, शेवटी हजार नंबरने. कडा तिरप्या कापल्या जातात आणि एकेक थर वलयासारखा उघडा पडतो, अगदी बेबिंका (आपला गोव्याचा थरांचा केक) कापल्यावर दिसते तसा. वर पांढरा, खाली कुठल्यातरी लग्नाच्या वेळी मारलेला क्रीम, त्याखाली आणखी एक, आणि सगळ्यात आत अस्तराला चिकटून असलेला पातळ थर, तो कारखान्याचा. त्यावर थोडं रबिंग कंपाउंड फिरवा, ओलं असताना दिवसाउजेडी बघा. बंद राहिलेली जागा मोठी मिळाली तर तो पत्राच रंगाच्या दुकानात मशीनने स्कॅन करून घ्या, आणि तरी नमुन्याचा तुकडा रंगवून उन्हात जुन्या रंगाशेजारी धरल्याशिवाय डबा भरून घेऊ नका.

एक गोष्ट इथेच सांगतो, साल म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. कारखान्यात जुना माल संपेपर्यंत वापरला जायचा, त्यामुळे एखादा बदल जानेवारीत झाला म्हणून फेब्रुवारीच्या सगळ्या गाड्यांत तो असेलच असं नाही. तुमच्या चॅसिस नंबरच्या जवळपासची, कोणी हात न लावलेली गाडी शोधा आणि तिच्याशी ताडून बघा. आपला गोवा छोटा आहे, फोंड्यात नाही मिळाली तर मडगावात मिळेल, कोणाच्या तरी काकाकडे असतेच, जाताना मेजरिंग टेप आणि कॅमेरा न्या, दोन तास बसा, मालकाला गाडीबद्दल बोलू द्या. पुस्तकात नसलेली माहिती अशीच हाताला लागते. तारखांचं एक साधं गणित लक्षात ठेवा, डायनामो, डिस्ट्रिब्युटर, काच यांच्यावर आकडे कोरलेले असले आणि ते वर्षाचे निघाले तर पार्टची तारीख गाडीच्या तारखेच्या थोडी आधीची पाहिजे. नंतरची असली तर तो पार्ट बदललेला, मग तो कितीही जुना दिसो.

आता गंज, आपला जन्माचा वैरी. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, किनाऱ्याला खारं वारं, आणि डिचोली, साखळी, कुडचडे या खाणीच्या पट्ट्यातल्या गाड्यांत तर सिलच्या (दरवाजाखालच्या पोकळ पट्टीच्या) आत लाल माती गच्च भरलेली असते जी पाणी धरून ठेवते. फियाट ११०० ला ट्रकसारखी वेगळी चॅसिस नाही, बॉडी हाच सांगाडा आहे, त्यामुळे दरवाजाखालची सिल, फ्लोअरचा पत्रा, मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंग) जिथे अडकवतात त्या जागा सडल्या तर तो नुसता दिसायचा प्रश्न राहत नाही, गाडीचा कणाच गेलेला असतो. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे ठोकत जा, टणटणीत आवाज आला तर पत्रा आहे, भद्द आवाज आला तर आत पुट्टी आहे. लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून फिरवला तरी कळतं. आमच्या ओळखीचा एक म्हातारा डेंटर पहिल्या ठोक्यालाच सांगायचा, “पात्रांव, हांगा पत्रो ना, रंगूच उरला.” (मालक, इथे पत्रा नाही, रंगच उरलाय.) हेडलाइटच्या मागे मडगार्डच्या आत, दरवाजाची खालची कड, डिकीत स्टेपनीखाली, पुढच्या काचेच्या रबराखाली, एवढ्या जागा तर हमखास.

सिल कापायच्या आधी गाडी सपाट जमिनीवर, चार मजबूत घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्या आणि दरवाजाच्या चौकटीत आडवे-तिरपे पाइप वेल्ड करून ठेवा, नाहीतर सिल कापली की बॉडी मधोमध बसते आणि मग दरवाजा आयुष्यात नीट लागत नाही. एका वेळी एकच बाजू. नवा पत्रा जुन्याच जाडीचा घ्या, शाबूत तुकड्यावर मायक्रोमीटर लावून मोजा, जाड पत्रा म्हणजे मजबूत असं समजून जाड लावणारे लोक आहेत पण त्याने कडा जुळत नाहीत. आणि वेल्डिंग कसं? कारखान्यात स्पॉट वेल्ड होते, ठरावीक अंतरावर गोल खळगे दिसतात. खोलतानाच दोन खळग्यांतलं अंतर मोजून वहीत लिहा, मग नव्या पत्र्याला तेवढ्याच अंतरावर भोकं पाडून सीओटू वेल्डिंगने भरा आणि हलक्या हाताने घासा, तेच गोल ठिपके परत दिसतात. सलग वेल्डिंगची लांब रेघ मारली की काम पक्कं असेल पण फियाट तशी नव्हती. पाणी निचरायची भोकं मूळ जागी उघडीच ठेवा, बरेच डेंटर ती बुजवून टाकतात आणि दोन पावसाळ्यांत सिल परत सडते.

इथे मी कारखान्याशी फारकत घेतो. सिलच्या आत, दरवाजाच्या आत, जिथे कोणाची नजर जात नाही तिथे मी रंगकाम संपल्यावर कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत फवारायचं गंजरोधक मेण) मारायलाच सांगतो, तेव्हा ते नव्हतं हे मान्य. पण त्याशिवाय आपल्या हवेत हे काम टिकत नाही आणि ते दिसतही नाही. खालून मात्र जाडजूड काळं डांबरी कोटिंग फासू नका, ते सुटलं की त्याच्यामागे पाणी साचतं आणि मूळ फिनिशही झाकलं जातं.

कामाचं कॅलेंडर पावसाभोवतीच बसवावं लागतं. जून ते सप्टेंबर खोलणं, साफ करणं, वही लिहिणं, पार्ट शोधणं. पाऊस ओसरल्यावर पत्र्याचं काम, आणि उघडा पत्रा रात्रभर तसाच ठेवायचा नाही, त्याच संध्याकाळी एपॉक्सी प्रायमर, नाहीतर सकाळी उठून बघाल तर केशरी झाक आलेली असते. रंग डिसेंबर ते फेब्रुवारी. दमट दिवशी गन चालवली की रंगावर पांढरट धुरकट झाक येते, विशेषतः एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगावर, आणि ती नंतर पॉलिशने पूर्ण जात नाही.

रंगाबद्दल माझं मत लोकांना पटत नाही तरी सांगतो. त्या काळी वर क्लिअर कोट नव्हता, रंगातच चमक होती. आज तुम्ही मेटॅलिक बेस आणि वर तीन हात क्लिअर मारलात तर गाडी काचेच्या बाटलीसारखी... नको, ती फियाट राहत नाही एवढंच म्हणतो. टू-के पीयूमध्ये (हार्डनर मिसळून मारायच्या पॉलियुरेथेन रंगात) सॉलिड रंग, क्लिअरशिवाय, हा त्यातल्या त्यात चांगला मार्ग, टिकतोही. पृष्ठभागावर किंचित संत्र्याच्या सालीसारखा पोत होता तो थोडा राहू द्या, आरशासारखं घासून काढू नका. डिकीच्या आत, बॉनेटच्या खालच्या बाजूला रंग पातळ होता, कोपऱ्यांत फवाऱ्याची धूळ होती, अस्तर डोकावत होतं. ते तसंच करायचं हे पेंटरला समजवायला वेळ लागतो, त्याला वाटतं तुम्ही त्याच्याकडून मुद्दाम वाईट काम करून घेताय. त्याला न हात लावलेल्या गाडीचे फोटो दाखवा, मग तोच उत्साहाने करतो.

क्रोमसाठी पैसे राखून ठेवा, रंगापेक्षा जास्त जातील. बंपर आधी जुनं क्रोम उतरवून, ठोकून सरळ करून, मग तांबं, निकेल आणि वर क्रोम अशा क्रमाने व्हायला पाहिजे, तांब्याचा थर गाळून स्वस्तात करून देणारे आहेत, त्यांचं काम समुद्राच्या हवेत एक पावसाळा काढत नाही. हँडल, अक्षरांचे बिल्ले हे जस्ताच्या ओतीव धातूचे असतात, त्याला आतून फोड येतात, प्रत्येक खड्डा कोरून तांब्याने भरावा लागतो, हे सगळ्यांना जमत नाही. बिल्ला थोडा खड्डे पडलेला पण मूळचा असेल तर मी तोच ठेवीन, नवा कॉपी केलेला लावणार नाही, कॉपीतल्या अक्षरांच्या कडा बोथट असतात ते लगेच कळतं.

पार्टसाठी मुंबईत कुर्ल्याचा भंगार बाजार, ऑपेरा हाऊसकडची स्पेअरची दुकानं. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमच्या गेल्या, पण त्यांचे पार्ट नव्वदीनंतरच्या गाड्यांचे, त्यामुळे इंजिनच्या आतले पार्ट, सस्पेन्शन यासाठी ठीक, बाहेरून दिसणाऱ्या गोष्टींसाठी डोळे उघडे ठेवून घ्या. इंजिनच्या बोअरिंगला, क्रँक ग्राइंडिंगला चोर्ला घाटाने बेळगाव किंवा पुढे कोल्हापूरचं उद्यमनगर गाठा, तिथले लेथवाले जुन्या ओतकामाला सरावलेले आहेत. मूळ बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५, आत्ताचा बोअर किती ते आधी मोजून घ्या, कारण ब्लॉक आधीच दोनदा बोअर झालेला असला तर लायनर घालून परत मूळ मापाला आणणं हाच नंबर वाचवायचा उपाय, दुसरा ब्लॉक टाकला की आरसीवरचा इंजिन नंबर गेला. हेड अॅल्युमिनियमचं आहे, गाडी एकदा तापली असेल तर वाकलेलं असतं, सपाट करताना लागेल तेवढंच उतरवायला सांगा.

पेट्रोलचं बघायलाच लागतं. आता पंपावर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, इथेनॉलने जुनी रबरं फुगतात, पेट्रोल पंपाचा पडदा जातो, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं त्यामुळे पावसाळाभर उभ्या गाडीच्या टाकीत तळाला पाणी बसून गंज धरतो. नळ्या इथेनॉल चालेल अशाच घ्या, पडदाही तसाच, वरून क्लॅम्प जुन्या पद्धतीचे लावा म्हणजे दिसायला फरक पडत नाही. ब्रेकच्या बाबतीत मात्र ओरिजिनलचा हट्ट नको, व्हील सिलिंडरला स्लीव्ह, नवे पाइप, नवी रबरं, ब्रेक ऑइल पण हवेतलं पाणी पितं, दरवर्षी बदला. टायरचं मूळ माप ५.२०-१४, क्रॉस प्लाय. प्रदर्शनाला न्यायची तर तेच, रोज घाटात चालवायची तर मी रेडियल घालीन आणि मूळचे टायर घरात झाकून ठेवीन.

वायरिंगमध्ये जुन्या हार्नेसचे रंग जसेच्या तसे वहीत लिहा आणि नवा हार्नेस त्याच रंगांत बांधून घ्या, मध्ये जोड नको. आतल्या सीटचं रेक्झिन शोधताना जुन्या शिवणीच्या आत दुमडलेला कपडा उसवून बघा, तिथे मूळ रंग आणि दाणा दोन्ही शाबूत सापडतात. सीटमध्ये स्प्रिंग असतील तर स्प्रिंगच ठेवा, फोम घातला की बसायची उंची बदलते आणि पावसाळ्यात बुरशीही लवकर धरते.

कागदपत्रांचं शेवटी, पण विचार सुरुवातीलाच करून ठेवा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, अट अशी की ती मूळ स्वरूपात असली पाहिजे, चॅसिस, बॉडी शेल, इंजिन यात मोठा बदल केलेला नसावा. म्हणजे सगळ्या डिलाइट आता त्यात बसतात. अर्ज परिवहन पोर्टलवर फॉर्म २० ने, नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीची ५,०००, नोंदणी दहा वर्षं चालते, आणि आधीपासून नोंदलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो, त्यामुळे जीडी सिरीजची (गोवा, दमण, दीव एकत्र असतानाची) जुनी पाटी असेल तर ती जपा. पण व्हिंटेज नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच. शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला याच गाडीने जायचं असेल तर साधी आरसीच दर पाच वर्षांनी रिन्यू करत राहा, आणि तपासणीला जाताना हॉर्न, हँडब्रेक, वायपर आणि मागचे दिवे घरीच एकदा बघून घ्या.